चुप न म्हणणारे थूल हवालदार

थूल हवालदार गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी नव्या मुख्याध्यापकांनी आठवणीनं बोलावलं. फोटोला हार घातला, दोघातिघांची भाषणं झाली आणि शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना झाली. सगळी पोरं एका दमात गप्प. मी मान खाली घालून उभी होते, पण मला धड रडताही येईना. जो माणूस सोळा वर्षं या शाळेत शिपाई होता आणि ज्यानं या सोळा वर्षांत एकाही पोराला 'चुप' म्हटलं नाही, त्याला आम्ही नेमकी शांतता वाहत होतो.

थूल आमच्या शाळेत आले ते माजी सैनिकांच्या कोट्यातून. गाव अल्लीपूर, नोकरी इकडे वडनेरच्या बाजूला, आमच्या हायस्कुलात. सैन्यातल्या इंजिनिअर पलटणीत हवालदार म्हणून त्यांची हयात गेली होती. पूल टाकणारे, सुरुंग काढणारे ते लोक. उंची बेताची, खांदे रुंद, मिशी पांढरी व्हायच्या बेतात. पहिल्या दिवशी ऑफिसात आले, टाच जुळवून 'जयभीम मॅडम' म्हणाले आणि रुजू अर्ज दोन्ही हातांनी पुढे केला. मी मनात म्हटलं, चला, आता शाळेला शिस्त लागणार.

मी शिस्तीची बाई. आता सांगायला लाज वाटते, पण माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते याचा मला फार अभिमान होता. मुख्याध्यापक झाल्यावर तर सगळ्या शाळेत टाचणी ऐकू यावी असं मला वाटायला लागलं. एकदा तपासणीला साहेब आले होते, मी त्यांना ऑफिसात चहा देत होते आणि शेजारच्या सहावी 'ब'मध्ये बाजार भरला होता. मी थूलांना खुणावलं. ते गेले, दारात उभे राहिले, सगळा वर्ग पाहिला आणि परत आले. बाजार चालूच.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "थूल, पोरांना गप्प बसवलं का नाही?"

"नाई बसवलं मॅडम."

"काऊन?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली आली. रागावले की मी माझ्या माहेरच्या बोलीवर येते.

"बोलून राह्यले होते. मंग जिते आहेत म्हनून समजते."

हे काय उत्तर झालं? मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, खाली 'मान्य आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहून सही केली आणि पाणी भरायला निघून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दुसरी नोटीस, पुन्हा 'मान्य आहे'. तिसरी दिली आणि मीच कंटाळले.

बाकी कामात बोट ठेवायला जागा नव्हती. घंटा घड्याळाच्या काट्याला व्हायची. वर्गांची दारं वाऱ्यानं लागू नयेत म्हणून प्रत्येक दाराशी त्यांनी एकेक वीट ठेवली होती आणि ती कोणी हलवली तर त्यांना चालायचं नाही. शाळा सुटली की कुलूप लावण्याआधी ते प्रत्येक खोलीत जायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "कोनी आहे का? असन त आवाज दे." रिकाम्या खोलीला. मग थोडं थांबायचे. मग कुलूप. पोरं त्यांची नक्कल करायची. 'असन त आवाज दे' हा पोरांचा लपाछपीतला परवलीचाच शब्द झाला होता. थूलांना त्याचा राग यायचा नाही. उलट कोणी बाकाखालून "आहे!" म्हणून ओरडलं तर त्यांचा चेहरा असा खुलायचा की मी खिडकीतून पाहत उभी राहायचे.

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाला मात्र ते झेंडावंदन झालं की घरी जायचे. जिलबी घ्यायचे नाहीत, सांस्कृतिक कार्यक्रमाला थांबायचे नाहीत. इतर माजी सैनिक त्या दिवशी मेडल लावून मिरवतात, यांना काय झालं, असं आम्ही म्हणायचो. गुजरातेतला तो मोठा भूकंप त्याच दिवशी सकाळी झाला होता हे आम्हाला कोणाला आठवायचं कारण नव्हतं.

शाळेच्या मागच्या दोन जुन्या खोल्या मोडकळीला आल्या होत्या. सरकारी इंजिनिअर आला, भिंती ठोकून पाहिल्या आणि दोन्ही दारांवर लाल रंगानं मोठी फुली मारून गेला. दुपारी पाहते तर थूल त्या फुलीसमोर उभे. रुमाल ओला करून ती पुसताहेत. रंग काही निघत नव्हता. मी हाक मारली तरी त्यांना ऐकू गेलं नाही. मग कुलूप उघडून ते आत गेले. मोडके बाक होते, ते एकेक उचलून त्यांनी खाली पाहिलं. तीनदा हाक मारली. बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते.

"थूल, पडायला झाली आहे ती खोली. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"फुली मारन्याआधी इचारा लागते मॅडम," ते म्हणाले. "त्यानं नाई इचारलं. मी पाहून राह्यलो होतो."

त्या दिवसापासून नोटिशीचा विचारही मी सोडला. काय आहे ते कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळलं होतं. आणि कधीतरी माझ्या नकळत मी त्यांना थूलभाऊ म्हणायला लागले.

ते 'काहीतरी' कळलं विहिरीच्या दिवशी. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची शाळा. आमच्या आठवीतल्या एका पोरीचा बाप, रामदास, शेजारच्या शिवारात विहीर खोल करायच्या कामावर होता. साडेनऊच्या सुमारास विहिरीची एक बाजू ढासळली. बाकीचे दोरानं वर आले, रामदास खाली राहिला. शाळेत फौजी आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून एक जण मोटरसायकल घेऊन धावत आला. थूल ऑफिसात आले आणि म्हणाले, "मॅडम, अर्ध्या दिवसाची सुटी पायजे. अर्ज मागून देतो." अशा वेळीही परवानगी घेतल्याशिवाय ते फाटकाबाहेर पडले नाहीत. मी पोरीला सोबत घेऊन मागोमाग गेले, कारण तिला एकटीला पाठवणं माझ्यानं झालं नाही.

विहिरीभोवती सगळं गाव. जेसीबी आला होता आणि काठावरची माती ओढायला त्यानं सुरुवात केली होती. बाया रडत होत्या, चार जण चार तऱ्हेच्या सूचना करत होते. थूलांनी जेसीबीवाल्याला हातानंच थांबवलं आणि इंजिन बंद करायला लावलं. "मशीन हलली का कडा अजून बसते," म्हणाले. खिशातून शिट्टी काढून एकदा लांब वाजवली. लोक दचकून गप्प झाले. मला वाटलं, आता हा माणूस 'चुप' म्हणेल. म्हणाले नाहीत. काठावर पालथे पडले, डोकं आत घातलं आणि खाली ओरडले, "रामदास, मी थूल बोलतो. आमी वरचे लोक आवाज बंद करतो. तू बंद करू नको. तू बोल. बोलता नाई आलं त ठोक."

आम्ही सगळे उभे. लांब कुठे कावळा ओरडत होता. मग खालून, विहिरीतल्या सिमेंटच्या गोल कड्यांवर, टक टक टक. तीनदा. पोरीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

दिवसभर माणसं टोपल्यांनी माती काढत होती. थूल स्वतः कमरेला दोर बांधून खाली. अर्ध्या अर्ध्या तासानं शिट्टी, काम थांबे, थूल हाक मारत, रामदास ठोकत असे. दुपारी त्याचे शब्दही ऐकू आले. पाणी मागत होता. तीन वाजता त्यानं दोनदाच ठोकलं. चारला एकदा. त्यानंतरच्या शिट्टीला थूलांनी हाक मारली, पुन्हा मारली, पुन्हा मारली. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी म्हणालं, "आता लावू द्या जेसीबी." थूल म्हणाले, "नाई. हातानंच." सूर्य मावळायच्या आत रामदासला वर काढलं. तो गेला होता.

परत शाळेशी आलो तेव्हा अंधारून येत होतं. थूल हातपंपावर हातपाय धूत होते. मी पंप हापसत होते. आयुष्यात पहिल्यांदा शिपायासाठी पाणी काढलं असेन. ते धुऊन झाल्यावरही तसेच उकिडवे बसून राहिले.

"या वेळी सगळं बराबर केलं मॅडम," ते म्हणाले. "तरी गेला."

"या वेळी म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. अधूनमधून थांबत, माझ्याकडे न पाहता.

भूकंप झाला त्याच दिवशी त्यांच्या पलटणीला हुकूम आला होता. रेल्वे नाही, फोन नाही. ट्रकांतून ते त्या शहरात पोचले. चार-चार मजली इमारती एकावर एक बसलेल्या, स्लॅबला स्लॅब टेकलेला. "लोकांले वाटे फौज आली म्हनजे आता सगळे निंघतीन. आमच्यापाशी काय होतं? सब्बल, जॅक, गॅस कटर. न् हात." प्रत्येक जण त्यांचा सदरा धरून आपल्या घराकडे ओढायचा. कोणाचं आधी काढायचं हे ठरवणं हेच सगळ्यात वाईट काम होतं आणि ते हवालदाराच्या अंगावर यायचं. जिवंत माणूस असेल तिथं आधी. मग कळणार कसं? त्याची एक रीत होती. शिट्टी झाली की सगळी यंत्रं बंद, सगळी माणसं गप्प. भोंग्यावरून आधी बाहेरच्यांना 'सब चुप' आणि मग आतल्यांना 'अंदर कोई है तो आवाज दो'. मग स्लॅबला कान लावून ऐकायचं. काही ऐकू आलं तर खणायचं. नाही आलं तर फुली मारून आपल्या तुकडीचा नंबर टाकायचा आणि पुढच्या घराला जायचं. मुडदे काढायचं काम मागून येणाऱ्या तुकड्यांचं.

तिसऱ्या दिवशी थूलांच्या तुकडीनं सकाळपासून पाच इमारती तशा ऐकल्या. पाचही गप्प. सहाव्या इमारतीपाशी नातेवाईक आक्रोश करत होते, काही केल्या थांबेनात. थूलांनी भोंगा घेतला आणि जीव तोडून ओरडले, "चुप! एकदम चुप! कोई आवाज नहीं करेगा!" लोक थांबले. थूल स्लॅबवर पालथे पडून ऐकत राहिले.

"दुसरं नाई बोललो मॅडम. 'आवाज दो' नाई म्हटलं. पाच ठिकानी म्हटलं होतं, कोनी देलता का आवाज? घसा बसलता. कान लावला, काई नाई. फुली मारली न् गेलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गल्ल्या पलीकडे गलका झाला, पोर जिवंत सापडलं म्हणून. सगळे धावले, थूलही धावले. पोचले तर भिंतीवर त्यांच्याच हातची फुली. जिन्याखालच्या पोकळीतून दहा वर्षांची एक मुलगी बाहेर काढली होती. तिच्या मांडीवर चार वर्षांचा भाऊ होता, तो संपला होता. तिनं थूलांचा आवाज ओळखला. भांबावली नव्हती, रडतही नव्हती. शाळेत उत्तर द्यावं तसं तिनं सांगितलं, की कल आपने चुप बोला था ना काका, ये रो रहा था, तो मैंने इसका मुँह पकड़ के रखा. आप गए तब छोड़ा. फिर हमने बहुत बुलाया. सुबह तक ये रोया, फिर सो गया.

"न् मंग मले इचारते, मैंने ठीक किया ना काका?"

पंपाच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनू? म्हटलं, हाँ बेटी, बहुत ठीक किया." मग म्हणाले, "तिले दवाखान्यात नेलं, न् आमी सातव्या घराकडे गेलो. अजून बावीस दिवस होतो तिथं. पानी वाटलं, तंबू ठोकले, मुडदे जाळले. शाबासकी भेटली पलटनीले. पर ती पोरगी मोठी होईन न मॅडम. एक दिवस तिले समजन का तोंड धरलं नसतं त तो वाचला असता. तवा ती म्हनन, मीच केलं. तिले कोन सांगन का हुकूम माहा होता? मी इचारलं नाई, ती चूक माही होती. हे मले तिले सांगा लागते. मराच्या आधी सांगा लागते."

मी रडले. उगाच लपवत नाही. घरी जाऊन त्या तीन नोटिशांच्या कार्यालयीन प्रती आठवल्या आणि पुन्हा रडले.

त्यानंतर आम्ही पत्रं लिहायला लागलो. ते सांगायचे, मी हिंदीत उतरवायचे. मुलीचं नाव हेतल एवढंच त्यांना माहीत; ती गल्ली आता नकाशावर नव्हती. तिथल्या कलेक्टर कचेरीला लिहिलं, शाळांना लिहिलं, त्यांच्या पलटणीतल्या जुन्या जोडीदारांना लिहिलं. प्रत्येक पत्रात खाली एकच मजकूर, की एका फौजीला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आणि माझा फोन नंबर. वर्षं गेली. बोलायचं वाक्य थूलांनी पाठ करून ठेवलं होतं. घंटेखालच्या बाकावर एकटे बसले की त्यांचे ओठ हलताना मी पाहिले आहेत: 'बेटी, गलती मेरी थी, मैंने आवाज नहीं दी.'

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मधल्या सुटीत फोन आला. पलटणीतला एक जोडीदार तिकडेच स्थायिक झाला होता, त्यानं माग काढला होता. बाईचा आवाज. "मैं हेतल बोल रही हूँ."

 काका आहेत, देते, म्हणून मी उठले. तेवढ्यात ती स्वतःच बोलायला लागली. घरच्यांपैकी आई वाचली होती. आई गेल्या वर्षी गेली, पण जाईपर्यंत विचारत राहिली, तू ओरडली का नाहीस? मामानं विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं. "मॅडम, सबने पूछा. एक उस फौजी काका ने कहा था कि मैंने ठीक किया. वो फौजी थे, उनको तो पता होगा ना? मैं उसी एक बात पर खड़ी हूँ. उनसे बस एक बार और सुनना है."

मी फोनवर हात ठेवला आणि अंगणात आले. थूल बाकावर बसले होते, समोर पोरांचा दंगा चालला होता. मी खाली बसून त्यांना सगळं सांगितलं, तिनं सांगितलं तसंच, एकही शब्द कमी न करता. दुसरं काही करायचा मला हक्क नव्हता. 'तुमचं वाक्य बोलू नका' असं मी म्हटलं नाही.

ते समोर पाहतच म्हणाले, "म्हनजे मी खरं सांगतलं, त तिच्या पायाखालचं जाते."

"तुम्ही ठरवा थूलभाऊ."

त्यांनी फोन घेतला. उभे राहिले, टाच जुळवली. मी जवळच होते, पलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. मागे कुठलंसं लहान मूल सारखं बडबडत होतं.

"काका?"

"हाँ बेटी."

"मैंने ठीक किया था ना?"

"बहुत ठीक किया था," थूल म्हणाले. आवाज सरळ होता, परेडीवरचा. मग विचारलं, "पीछे कौन है?"

"मेरा बेटा है. चुप ही नहीं बैठता."

"उसको चुप मत कराना."

ती हसली. मग म्हणाली, "काका, चिट्ठी में लिखा था, आपको कुछ कहना है. बोलिए ना."

थूलांचे ओठ हलले. मी पाहत होते, मला ते वाक्य शब्दन् शब्द ठाऊक होतं. 'बेटी' एवढं बाहेर आलं आणि त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला. घट्ट, बोटं गालात रुतेपर्यंत.

"काका? हैं ना आप? आवाज दीजिए."

मधली सुटी संपून पाच मिनिटं होऊन गेली होती. पोरं ओरडत होती, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती, आणि थूल हवालदार घंटेखाली तसेच ताठ उभे होते, उजव्या कानाला फोन आणि तोंडावर स्वतःचा हात. मी घंटा वाजवली नाही आणि पोरांनाही काही म्हटलं नाही.